वळायचं गरम, भाजायचं गार: घरच्यांसाठी याकी ओनिगिरी

ओनिगिरी म्हणजे मुठीत दाबून वळलेला भात. ‘निगिरू’ या जपानी क्रियापदाचा अर्थच मुठीत धरणं, आवळणं. अर्थाने आपला ‘मुटका’ त्याला सगळ्यात जवळचा. हाच मुटका जाळीवर किंवा तव्यावर खरपूस भाजून वरून सोया सॉस किंवा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) लावला की झाली याकी ओनिगिरी. जपानमध्ये ती इझाकायात, म्हणजे दारूसोबत खायला मिळणाऱ्या ठिकाणी, जेवण संपता संपता मागवतात. घरी उन्हाळ्यात शेगडी पेटली की शेवटी मंदावलेल्या निखाऱ्यांवर भाजतात. सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये ती तयारही मिळते. प्रकार जुनाच म्हणायचा: इशिकावा प्रांतातल्या आजच्या नाकानोतो गावात १९८७ साली यायोई काळातल्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, वस्तीचं उत्खनन झालं, तेव्हा कोळसा झालेला भाताचा त्रिकोणी गोळा सापडला होता.

साहित्य म्हणाल तर तांदूळ, मीठ आणि सोया सॉस. तरीही पहिल्या खेपेला बहुतेकांचं एकच होतं. गोळा चिकटतो, उलटताना फुटतो आणि सॉस आत झिरपून भाताचा गिचका होतो. या तिन्हीच्या मुळाशी पाणी आहे. भात वळताना तो गरम आणि ओलसर लागतो, भाजायला घेताना गार आणि वरून सुकलेला लागतो, आणि सॉस लागतो तो वर कडक पापुद्रा धरल्यावरच. हा क्रम सांभाळला तर साधा बिडाचा तवाही पुरतो.

तांदूळ कोणता

इथे आपली सवय आड येते. भात मोकळा, शीत न् शीत सुटं व्हावं म्हणून आपण तेल घालतो, लिंबू पिळतो, जुना तांदूळ शोधतो. ओनिगिरीला नेमकं उलट हवं. जपानी तांदूळ आखूड दाण्याचा असतो. त्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज कमी आणि अमायलोपेक्टिन जास्त, त्यामुळे शिजल्यावर शितं एकमेकांना धरतात, पण दाणा मोडत नाही. कोशिहिकारी ही जात त्यासाठी सगळ्यात ओळखीची. परदेशात राहत असाल तर ‘सुशी राइस’ म्हणून मिळणारा आखूड दाण्याचा कोणताही तांदूळ चालेल. त्यात सुशीसारखं व्हिनेगर मात्र घालायचं नाही.

महाराष्ट्रात असाल तर इंद्रायणी घ्या. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्या संकरातून तयार झालेला हा तांदूळ मऊ आणि चिकट शिजतो आणि भाजताना गोळा धरून ठेवतो. खुद्द आंबेमोहोरही चालतो, पण त्याचा दाणा नाजूक. पाणी जरा वर गेलं की लगदा होतो. शिवाय त्याचा सुवास सोया सॉसशी थोडा भांडतो. कोलम कसाबसा जमतो. बासमतीच्या वाट्याला जाऊ नका, कितीही दाबलात तरी तव्यावर फुटणारच. ‘ग्लुटिनस राइस’ लिहिलेला मोची तांदूळही नको, तो भाजला की आत चिकासारखा ताणला जातो.

चौघांसाठी प्रमाण

तांदूळ ३०० ग्रॅम. जपानी मापाने हे दोन ‘गो’. एक गो म्हणजे १८० मिलिलिटरचं माप, त्यात साधारण १५० ग्रॅम तांदूळ बसतो. शिजून सुमारे ६५० ग्रॅम भात होतो आणि त्यात १०५ ग्रॅमच्या सहा ओनिगिरी होतात: मोठ्यांना दोन-दोन, मुलांना एक-एक. मीठ अर्धा छोटा चमचा, म्हणजे ३ ग्रॅम. वरच्या सॉसमध्ये मीठ भरपूर असतं, तेव्हा हात आखडताच ठेवा.

सॉससाठी सोया सॉस २ मोठे चमचे म्हणजे ३० मिलि, मिरिन १ मोठा चमचा आणि साखर अर्धा छोटा चमचा. मिरिन ही तांदळापासून केलेली गोड, मद्यार्क असलेली पाकासारखी वस्तू. मुलांसाठी करताना ती आधी छोट्या भांड्यात एक मिनिट उकळून घ्या. मिरिन मिळाली नाही किंवा नको असेल तर १ मोठा चमचा पाणी आणि दीड छोटा चमचा साखर. चकाकी थोडी कमी येईल, एवढंच.

सोया सॉस मात्र जपानी पद्धतीचा, ‘कोइकुची’ प्रकारचा घ्या. आपल्याकडे हाका नूडल्ससाठी मिळणारा डार्क सोया दाट असतो आणि त्यात रंगासाठी कॅरॅमल घातलेलं असतं. तो लावल्याबरोबर ओनिगिरी काळी दिसते, त्यामुळे भाजली की करपली हे डोळ्यांना कळत नाही. घरात तोच असेल तर एकास एक पाणी घालून वापरा आणि साखर वगळा. घरात कुणाला गहू चालत नसेल तर लक्षात ठेवा, नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. बाटलीवर ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेला तामारी सोया सॉस आणा.

भात शिजवणं

तांदूळ धुताना पहिलं पाणी ओतलं की दोनदा हात फिरवून लगेच फेका. कोरडा दाणा पहिलं पाणी भराभर शोषतो आणि ते पाणी कोंड्याच्या वासाचं असतं. मग बोटं वाकवून हलकेच वीसेक वेळा घोळा, पाणी घाला, फेका. असं तीन-चारदा. पाणी काचेसारखं स्वच्छ होईपर्यंत धूत बसायची गरज नाही. हलकं पांढुरकं राहिलं तरी पुरे.

चाळणीत निथळून झाल्यावर जपानी तांदळाला ३८० मिलि पाणी घाला. नुसता भात खायचा असता तर ४०० घातलं असतं. भाजायचा म्हणून २० मिलि कमी. उन्हाळ्यात ३० मिनिटं, थंडीत तासभर भिजू द्या. हे टाळलंत तर दाण्याच्या पोटात कच राहते, आणि ती भाजताना आणखी कडक होते.

जाड बुडाच्या पातेल्यात, घट्ट झाकण लावून, मध्यम आचेवर उकळी आणा; सात-आठ मिनिटं लागतात. उकळी आली की आच अगदी बारीक करून १२ मिनिटं. गॅस बंद करून १० ते १५ मिनिटं झाकण न उघडता वाफ जिरू द्या. या वेळात वरखालचा ओलावा सारखा होतो, म्हणून डोकावायचा मोह आवरा. मग ओल्या उलथन्याने तळापासून हलके कापे घेत भात वरखाली करा. घोटायचा नाही.

इंद्रायणीसाठी कुकर सोपा. एका वाटीला नवा तांदूळ असेल तर सव्वा वाटी, जुना असेल तर दीड वाटी पाणी. आधी अर्धा तास भिजवा, कुकरमध्ये भांडं ठेवून दोन शिट्ट्या काढा आणि वाफ आपोआप जाऊ द्या. बरोबर जमलेला भात चमच्याने उचलला तर ढेकूळ होऊन येतो, पण बारकाईने पाहिलं तर शितं वेगळी दिसतात. शितं दिसेनाशी झाली असतील तर तो भात आज वरणासोबत खा. त्याची ओनिगिरी बाहेरून छान भाजेल आणि आत पेजेसारखी राहील.

वळणं

भात पसरट परातीत काढा, मीठ भुरभुरा, दोन-तीन मिनिटं वाफ जाऊ द्या. हाताला चटका बसतो पण धरवतो, अशा बेतात वळायला घ्या. गार भाताचा स्टार्च घट्ट झालेला असतो, शितं एकमेकांना धरत नाहीत. फ्रीजमधल्या शिळ्या भाताची ओनिगिरी फुटते ती याचमुळे. शिळाच वापरायचा असेल तर पाण्याचा हबका मारून वाफाळेपर्यंत गरम करा आणि ३०० ग्रॅम भाताला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर मिसळा.

उघड्या हातांपेक्षा पातळ प्लॅस्टिकची फिल्म बरी. भात हाताला चिकटत नाही, चटका कमी बसतो, आणि हाताच्या बारीकशा जखमेतून येणारे स्टॅफिलोकोकस जंतू भातात जात नाहीत. डब्याची ओनिगिरी करताना तर फिल्मच वापरावी. उघड्या हातांनी करायची असेल तर तळवे पाण्यात ओले करून जास्तीचं झटकून टाका. ओथंबलेल्या हातांचं पाणी भाताच्या वरच्या थरात जातं, आणि तेच पुढे भाजताना नडतं.

१. फिल्मवर १०५ ग्रॅम भात ठेवा. वजनकाटा नसेल तर आमटीची वाटी जेमतेम पाऊण भरून एकदा माप ठरवा आणि सहाही तशाच करा. सारख्या मापाच्या असल्या की सारख्या वेळात भाजतात.

२. फिल्म गोळा करून पीळ द्या आणि आधी नुसता गोल गोळा दाबा. चार-पाच वेळा, सगळ्या बाजूंनी.

३. डाव्या तळव्याचा सपाट पाट करा, उजव्या हाताची बोटं कौलासारखी वाकवा. कौलाखाली एक कोपरा येतो. दाबा, गोळा एक तृतीयांश फिरवा, पुन्हा दाबा. आठ-दहा वेळा फिरवलं की त्रिकोण होतो.

४. कडा दोन अंगठ्यांनी एकदा दाबून घ्या. जाडी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. याहून जाड असेल तर आतून गरम व्हायच्या आत बाहेरून करपते, पातळ असेल तर पुरी कडक होऊन तांदळाच्या चकलीसारखी लागते.

नुसती खायची ओनिगिरी हलक्या हाताने वळतात, तोंडात शितं सुटावीत म्हणून. भाजायची मात्र त्याहून घट्ट हवी. किती घट्ट? एका टोकाला धरून उचलली तर वाकू नये, आणि दाबल्यावर शितं चिरडून बोटाचा ठसा गुळगुळीत उमटू नये.

त्रिकोण जमत नसेल तर खुशाल चपटा गोल करा. जपानमध्येही गोल करतातच. वाटीला पाणी लावून मूद पाडतो तशी पाडा, मग दोन्ही हातांत दाबून घट्ट करा. नुसत्या वाटीतल्या मुदीवर भागवू नका, ती तव्यावर बसते. तसं पाहिलं तर नवख्यांसाठी गोलच बरा: कोपरे नाहीत, म्हणजे कोपरे तुटणं आणि करपणंही नाही.

सारण सहसा घालत नाहीत. घालायचंच तर कोरडं आणि थोडं, छोट्या चमच्याएवढं: भाजून कुस्करलेला सामन मासा, किंवा बी काढलेलं उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ. मेयोनेजमध्ये कालवलेला ट्यूना नुसत्या ओनिगिरीत लोकप्रिय असला तरी इथे नको, गरम होऊन तो शिवणीतून बाहेर येतो.

सुकवणं

याच पायरीवर लोक घाई करतात. फिल्म काढून ओनिगिरी जाळीवर, जाळी नसेल तर ताटावर, उघड्या ठेवा. १५ ते २० मिनिटं. ताटावर असतील तर मधे एकदा उलटा, नाहीतर खालच्या बाजूला वाफेचं पाणी धरतं. या वेळात दोन गोष्टी होतात: आतला स्टार्च घट्ट होऊन गोळा आकार धरतो, आणि वरची शितं सुकतात. बोट लावून पाहा, चिकट लागलं नाही तर तयार. मुंबईच्या पावसाळी हवेत अर्धा तास लागेल, पंख्याखाली ठेवा.

भाजणं

तवा मध्यम तापवून तेलाचा बोळा फिरवा. तेल बिनवासाचं, अर्धा छोटा चमचा तव्याला पुष्कळ झाला. नॉनस्टिक तव्यावर बेकिंग पेपर अंथरला तर सॉस चिकटून करपत नाही आणि धुणंही वाचतं. ओनिगिरी ठेवा आणि चार-पाच मिनिटं हात लावू नका. खालची बाजू भाजली की ती आपण होऊन सुटते. उलथनं घालून खरवडावं लागत असेल तर वेळ झालेली नाही. रंग पोह्याच्या पापडासारखा फिकट बदामी हवा आणि नखाने टकटक केलं तर कडक वाजायला हवं. उलटा, दुसरी बाजूही तेवढीच भाजा.

आता सॉस. ब्रशने एका बाजूला पातळ हात फिरवा, ती बाजू खाली करा, ३० सेकंद ठेवा. तेवढ्यात वरच्या बाजूला लावा, उलटा. प्रत्येक बाजूला दोनदा, हवं तर तीनदा. एकदाच भरपूर ओतलं तर पापुद्रा भिजून मऊ पडतो. पातळ थर मात्र लगेच सुकतो आणि त्यावर पुढचा बसतो. सोया सॉसमधली साखर आणि अमिनो आम्लं तापल्यावर एकमेकांशी मिळून तो खमंग वास आणि तपकिरी रंग देतात, पण याच साखरेमुळे मिनिटभरात काळंही पडतं. म्हणून सॉस लागल्यावर आच मंद, आणि तव्यापासून हलायचं नाही. कडांना ब्रश लावायला विसरू नका, खाणाऱ्याच्या तोंडात पहिल्यांदा कडच येते. शेवटच्या वेळी उलटताना तव्यात अर्धा चमचा लोणी सोडलंत तर मुलं खूश होतात.

गॅसवर पापड भाजायच्या जाळीवर करायची असेल तर जाळी आधी चांगली तापवून तेल पुसा. गार जाळीवर ठेवलेला भात तारेला धरून बसतो. आच बारीक ठेवा, आणि सॉस लावायची वेळ आली की ओनिगिरी तव्यावर हलवा. बर्नरवर ठिबकलेला सोया सॉस जळून धूर करतो आणि नंतर बर्नर घासताना जीव नकोसा होतो. ओव्हनच्या ग्रिलवर २२० अंशांना एका बाजूला आठ मिनिटं, दुसऱ्या बाजूला सहा, मग सॉस लावून दोन-दोन मिनिटं. एअर फ्रायरला २०० अंश आणि साधारण तेवढाच वेळ. कोळशावर करायचं भाग्य असेल तर निखाऱ्यांवर पांढरी राख चढेपर्यंत थांबा. ज्वाळ असताना ठेवलं तर बाहेर काळं आणि आत गार.

मिसो लावायचा असेल तर

मिसो २ मोठे चमचे, साखर १ मोठा चमचा, मिरिन १ मोठा चमचा, हवं तर किसलेलं आलं अर्धा चमचा, सगळं कालवून. दोन्ही बाजू कोरड्या भाजून झाल्यावर एकाच बाजूला पातळ थर द्या. मिसो सोया सॉसपेक्षाही लवकर करपतो, म्हणून त्याला वरून आच चांगली: ओव्हनच्या ग्रिलखाली एक-दोन मिनिटं, ठिपके पडेपर्यंत. तव्यावर करताना बेकिंग पेपरवर मिसोची बाजू फक्त २०-३० सेकंद खाली करा.

निगाताकडे आल्याचा मिसो लावून भाजलेल्या ओनिगिरीला केनसान-याकी म्हणतात. यामागाताच्या शोनाई भागात मिसो लावलेला गोळा खारवलेल्या हिरव्या पानात गुंडाळून भाजतात, त्याचं नाव बेनकेइ-मेशी. आपल्याकडे पानात गुंडाळून भाजणं नवं नाही, तेव्हा हा दुसरा प्रकार करून बघण्यासारखा आहे.

शाकाहारी घरांनी एक पाहावं: काही मिसोच्या डब्यांत दाशी (जपानी सूपचं मूळ पाणी) आधीच घातलेली असते, आणि दाशी बहुधा कात्सुओबुशी या सुकवलेल्या माशाची असते. घटकांची यादी वाचून घ्या.

बिघडलं तर

उलटताना फुटली: बहुतेक वेळा लवकर उलटली. तशीच तव्यावर दाबून ठेवा, खालचा पापुद्रा धरला की सांभाळते. सगळ्याच फुटत असतील तर भात कोरडा होता किंवा गार झाल्यावर वळला.

बाहेर कडक, मधे गार: आच मोठी होती. झाकण ठेवू नका, वाफेने पापुद्रा मरतो. आच मंद करून कडेवर उभी करून फिरवत राहा.

रंग आला पण चव नाही: सॉस एकदाच लागला. उतरवल्यावर आणखी एक पातळ हात फिरवा, गरम असतानाच. या शेवटच्या थराची कच्ची चव भाजलेल्या थरावर छान लागते.

दात दुखतील इतकी टणक: आच फार बारीक आणि वेळ फार. भात वाळला. ही वाया जात नाही, खाली सांगितलेल्या ओचाझुकेसाठी हीच उत्तम.

उरली तर, डब्याला द्यायची तर

भातात बॅसिलस सिरियस या जंतूची बीजं असतात. ती शिजवल्यावरही टिकतात आणि भात कोमट राहिला की वाढतात. त्यांचं एक विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणून ओनिगिरी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. डब्याला द्यायची तर पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा, आणि उन्हाळ्यात सोबत बर्फाची थैली द्या. ते जमण्यासारखं नसेल तर त्या दिवशी डब्याला दुसरं काही द्या.

फ्रीजमध्ये ठेवलेला भात कडक होतो, फ्रीझरमध्ये होत नाही. भाजून गार झालेली एकेक ओनिगिरी फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून फ्रीझ करा, महिनाभर चांगली राहते. खाताना न वितळवता ६०० वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये दीड-दोन मिनिटं, मग कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर. मायक्रोवेव्हवरच थांबलात तर पापुद्रा लेचापेचा लागतो.

आणि ती टणक झालेली किंवा शेवटची उरलेली? खोलगट वाडग्यात ठेवा, वर कातरलेली कांद्याची पात, तीळ आणि असेल तर चिमूटभर वासाबी (झणझणीत जपानी हिरवी चटणी) घाला, आणि कडेकडेने २०० मिलि कडकडीत ग्रीन टी किंवा कोंबूची, म्हणजे सुकवलेल्या समुद्री शेवाळाची, दाशी ओता. कोंबूच्या दाशीसाठी अर्धा लिटर पाण्यात ५ ग्रॅम कोंबू अर्धा तास भिजवून मंद आचेवर ठेवा आणि उकळी फुटायच्या आत कोंबू काढून घ्या. हे ओचाझुके. वरून ओतू नका, कडेने ओता. म्हणजे वरचा पापुद्रा थोडा वेळ कुरकुरीत राहतो आणि चमच्याने मोडाल तसा सोया सॉस पाण्यात उतरत जातो.